गायनविद्या आणि विद्यापीठ

संगीत हा विषय घेऊन पदवी मिळवावयाचा मनोदय घरातील मुलाने अथवा मुलीने बोलून दाखविला, की आपल्या सुशिक्षित घरांतून दोन प्रश्न हटकून निघतात. पहिला पोटापाण्याचा असतो व तो वडिलांचा असतो. दुसरा प्रश्न गाण्याची थोडीबहुत जाण असलेल्या एखाद्या काकांचा अथवा मामांचा असतो : "पदवी मिळेल हो, पण गाणे येईल काय?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा आमचा अधिकार नाही. दुसरा मात्र शंभर वर्षांहून अधिक काळ आपल्याकडे विचारला जात आहे, व ज्यांनी तो प्रथम स्वतःस विचारला त्या दोघांची नावे महाराष्ट्रास पूजनीय आहेत. गायनविद्येस शाळेच्या व पुढे विद्यापीठाच्या छपराखाली आणण्याचा उद्योग बहुतांशी मराठी माणसांनी केला; तेव्हा त्याचे फळ काय पदरात पडले हे पाहणेही आपल्यालाच प्राप्त आहे.

ही विद्या पूर्वी कशी मिळत असे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर हे १८४९ साली जन्मले. गाणे शिकण्याच्या ध्यासाने त्यांनी घर सोडले, व देवजीबुवांच्या घरी धारला राहून सेवा केली. तेथे गुरुपत्नीची मर्जी खप्पा झाल्यामुळे तो आश्रय सुटला, असे सांगतात. पुढे ग्वाल्हेरीस हद्दू-हस्सूखाँच्या परंपरेतील वासुदेवबुवा जोशी यांच्या पायांशी त्यांना ठाव मिळाला, आणि तेथून आणलेली ग्वाल्हेरची गायकी त्यांनी दक्षिणेत रुजविली. या कथेत पाणी भरणे, पाय चेपणे, तासन् तास नुसता तंबोरा धरून बसणे हे सर्व आहे. आज आपण ते वाचतो तेव्हा आपल्याला गहिवर येतो. परंतु ज्यांना हे जमले नाही, ज्यांस कोणत्याही बुवांनी वा खाँसाहेबांनी दारात उभे केले नाही, त्यांच्या कथा कोणी लिहून ठेविल्या नाहीत. उस्तादाच्या मनात येईल तेव्हा तालीम, त्याच्या मनात येईल ती चीज, आणि खास ठेवणीतली वस्तू घरच्या मुलालाच, ही त्या पद्धतीची दुसरी बाजू होती. पांढरपेशा घरातील मुलाने या वाटेस लागणे म्हणजे वाया जाणे समजत. मुलीविषयी तर बोलावयासच नको. गाणारी स्त्री म्हणजे कलावंतीण, हे समीकरण त्या काळी इतके घट्ट होते की, ते मोडावयास गाण्याहून निराळीच काही शक्ती हवी होती.

ती शक्ती शाळेने पुरविली. सुरुवातीचे प्रयत्न लहान होते. मुंबईत पारशी मंडळींनी १८७० साली गायन उत्तेजक मंडळी काढली. पुण्यात १८७४ साली गायन समाज निघाला. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी १८८६ साली संगीताची शाळा सुरू केली. मौलाबक्ष हे स्वतः उत्तम कलावंत, उत्तर व दक्षिण या दोन्ही पद्धतींचे जाणकार, आणि स्वरलेखनाची आपली स्वतंत्र रीत बसविलेले असे मोठे कल्पक पुरुष होते. संगीताच्या शालेय शिक्षणाचा आरंभ हिंदू सुधारकांनी केला असा एक समज आपल्याकडे आहे. तो बडोद्याच्या या एका उदाहरणाने डळमळीत होतो.

तथापि संस्थानिकाच्या खजिन्यावर न विसंबता, लोकांच्या वर्गणीवर व विद्यार्थ्यांच्या फीवर संगीताची शाळा चालवून दाखविण्याचे धाडस केले ते विष्णु दिगंबर पलुस्करांनी. कुरुंदवाडास १८७२ मध्ये जन्मलेल्या या मुलाची दृष्टी दारूकामाच्या अपघाताने अधू झाली. पुस्तकी शिक्षणाची वाट अशी बंद झाल्यावर त्यांस मिरजेस बाळकृष्णबुवांकडे ठेवण्यात आले. १८९६ मध्ये मिरज सोडून ते उत्तरेस गेले आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरास त्यांनी गांधर्व महाविद्यालय उघडले. तेथे वेळापत्रक होते, वर्ग होते, छापील पुस्तके होती, परीक्षा व पदवीदान होते. गाण्याला ही जी घंटा आणि हजेरीपट लाभला, त्याची आज आपण थट्टा करितो. परंतु त्या हजेरीपटानेच गाण्याला अब्रू मिळवून दिली. ज्या वास्तूत ठरल्या वेळी जाऊन ठरल्या वेळी परत यावयाचे, जेथे फी भरल्याची पावती मिळते, तेथे आपली मुलगी पाठविण्यास वकील-डॉक्टरांस संकोच वाटेनासा झाला.

आता पलुस्करांच्या व्यवस्थेतील एका गोष्टीकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो, कारण पुढील सर्व इतिहासाची किल्ली तीत आहे. त्यांच्या विद्यालयात दोन प्रकारचे विद्यार्थी असत. एक, फी देऊन तासापुरते येणारे. दुसरे, उपदेशक वर्गाचे. या दुसऱ्यांनी नऊ वर्षे राहण्याचा करार लिहून द्यावयाचा. त्यांच्या अन्नवस्त्राचा भार विद्यालयाने उचलावयाचा. आणि त्यांनी सूर्योदयापूर्वीपासून रात्रीपर्यंत गुरूच्या नजरेखाली मेहनत करावयाची. म्हणजे शाळेच्या आत पलुस्करांनी गुरुगृह जसेच्या तसे ठेविले होते. फक्त गुरूच्या लहरीच्या जागी लेखी करार आला होता. विनायकबुवा पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, बा. र. देवधर ही जी नावे आपण त्यांचे शिष्य म्हणून अभिमानाने घेतो, ती बहुतेक या राहत्या शिष्यांपैकी आहेत. तासापुरते येणाऱ्या शेकडो लोकांतून काय निघाले, असे कोणी विचारील, तर त्याचे उत्तर : श्रोते निघाले. पुढे पन्नास वर्षे तिकीट काढून मैफली ऐकणारा, रागाचे नाव ओळखून मान डोलावणारा जो वर्ग तयार झाला, त्याच्या घरातून कोठे तरी एक गांधर्व महाविद्यालयाचे पुस्तक आढळावयाचेच.

१९०८ मध्ये विद्यालय मुंबईस आले. कर्ज काढून मोठी इमारत बांधली गेली, आणि कर्जापायीच ती लिलावात गेली. १९३१ मध्ये पलुस्कर निवर्तले. त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले, व परीक्षांचे जे जाळे त्यांनी विणले ते आज खेड्यापाड्यांपर्यंत पोचले आहे. प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार हे शब्द तेव्हापासून मराठी घरांत विवाहाच्या पत्रिकांतूनही शिरले आहेत. असो.

पलुस्करांच्या बरोबरीने, परंतु अगदी निराळ्या मार्गाने, दुसरे विष्णुपंत याच प्रश्नाशी झगडत होते. विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म १८६० चा, मुंबईतील वाळकेश्वरचा. ते पदवीधर, कायद्याचे शिक्षण घेतलेले, गायन उत्तेजक मंडळीत धृपदे व चिजा शिकलेले असे होते. पलुस्कर हे भक्त व प्रचारक. भातखंडे हे वकील. त्यांना पुरावा हवा असे. १९०४ मध्ये त्यांनी दक्षिणेचा प्रवास केला, ग्रंथालये धुंडाळली, पंडितांशी वाद घातले. पुढे उत्तरेतील घराणेदार गवयांकडून चिजा मिळविल्या. जयपूरचे महंमद अली खाँ व आशक अली खाँ यांजकडून, रामपूरच्या वजीरखाँकडून व खुद्द तेथील नबाबाकडून जे मिळाले ते त्यांनी टिपून ठेविले आणि क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत हजाराहून अधिक चिजा स्वरलेखनासह लोकांपुढे ठेविल्या. कुलूपबंद पेटीतील दागिने चव्हाट्यावर आणल्याबद्दल काहींनी त्यांना दोष दिला. आम्हांस विचाराल तर, पेटी कुलूपबंदच राहती तर तीतील कित्येक दागिने किल्लीवाल्याबरोबरच नाहीसे झाले असते.

भातखंड्यांची खरी अडचण विद्यापीठीय होती. परीक्षा घ्यावयाची तर प्रश्नाला एक उत्तर असले पाहिजे. अमुक रागात निषाद कोणता, वादी स्वर कोणता, याविषयी चार घराण्यांची चार मते असतील, तर परीक्षकाने गुण कोणाला द्यावयाचे? म्हणून त्यांनी दहा थाटांत राग वाटून दिले, प्रत्येकाचे आरोह-अवरोह, वादी-संवादी व पकड निश्चित केली. १९१० मध्ये चतुर पंडित हे नाव घेऊन त्यांनी लक्ष्यसंगीतावर संस्कृतात ग्रंथ लिहिला आणि त्याच साली मराठीत हिंदुस्थानी संगीत पद्धतीचा पहिला भाग काढला. संगीताला अभ्यासक्रम लाभला तो येथे.

या अभ्यासक्रमाचे सामर्थ्य व मर्यादा दोन्ही एका उदाहरणाने स्पष्ट होतील. मारवा, पूरिया व सोहनी हे तीन राग घ्यावे. तिन्ही मारवा थाटातले, तिन्हींत रिषभ कोमल, मध्यम तीव्र, आणि पंचम वर्ज्य. स्वरांची मोजदाद केली तर तिघे सख्खे भाऊ. परंतु मारव्यात रिषभ व धैवत यांचे राज्य असते व षड्जावर विसावा घेण्याची गवयाला घाई नसते. पूरिया खाली मंद्रात गांधार-निषादाच्या आधाराने रमतो. सोहनी तर सारखी तार षड्जाकडे झेपावत असते. हे सर्व भातखंड्यांनी लिहिलेलेच आहे, आणि बुद्धिमान विद्यार्थी ते परीक्षेत बिनचूक लिहूनही देतो. परंतु मारव्याचा रिषभ किती वेळ धरावा, कोणत्या वजनाने सोडावा, म्हणजे तो पूरियाचा होत नाही, ही गोष्ट लिहिता येत नाही. ती समोर बसलेल्या माणसाच्या गळ्यातून आपल्या कानात पडावी लागते, व ती देखील एकदा पडून भागत नाही. भातखंड्यांना हे कळत नव्हते असे नाही. त्यांची मराठी पद्धती हा सबंध ग्रंथ गुरू व शिष्य यांच्या संवादाच्या रूपाने लिहिलेला आहे. वर्गासाठी लिहावयास बसलेल्या या कायदेपंडिताच्या लेखणीतून शेवटी दोन माणसेच समोरासमोर बसलेली उतरली, हे आम्हांस फार सूचक वाटते.

१९१६ मध्ये बडोद्यास, सयाजीरावांच्याच आश्रयाने, पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. पुढे दिल्ली, काशी व दोनदा लखनौ अशा परिषदा झाल्या. दिल्लीत एक राष्ट्रीय संगीतपीठ व्हावे हे भातखंड्यांचे स्वप्न होते. ते साधले नाही. मात्र १९१८ मध्ये ग्वाल्हेरीस माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने माधव संगीत महाविद्यालय निघाले, आणि राजाभैया पूंछवाले यांच्यासारखा घराणेदार गवई त्या वर्गात शिक्षक म्हणून उभा राहिला. १९२६ मध्ये लखनौस मॅरिस कॉलेज सुरू झाले. संयुक्त प्रांताचे शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली यांची खटपट त्यामागे होती, व प्रांताच्या गव्हर्नरांचे नाव कॉलेजास दिले होते. पुढे हे कॉलेज कैसरबागेतील परीखान्यात गेले. हा तोच परीखाना, जेथे १८५६ पूर्वी वाजिद अली शाहाच्या पदरच्या नर्तकी व गायिका तालीम घेत. ज्या भिंतींनी ती तालीम पाहिली, त्यांनाच आता हजेरीपट पाहावयाचा होता.

मॅरिस कॉलेजात शिक्षक म्हणून उस्तादांनाही स्थान होते. तबल्यास लखनौ घराण्याचे खलिफा आबिद हुसेनखाँ होते. सरोदीस सखावत हुसेनखाँ. परंतु कॉलेजचा प्राण म्हणजे श्रीकृष्ण नारायण रतनजनकर. भातखंड्यांचा हा शिष्य पदवीधर तर होताच, शिवाय बडोद्यास फैयाजखाँसाहेबांचा गंडा बांधून त्यांनी आग्रा घराण्याची तालीम घेतली होती. भातखंड्यांना जो माणूस हवा होता, म्हणजे पुस्तक व गळा दोन्ही ज्याच्यापाशी आहेत असा, तो हाच. लवकरच ते प्राचार्य झाले आणि सुमारे तीन दशके त्यांनी ती संस्था सांभाळली.

आता येथे आमचा मूळ प्रश्न पुन्हा पुढे येतो. मॅरिस कॉलेजातून गवई निघाले काय? निघाले. कृ. गुं. गिंडे, एस. सी. आर. भट, चिदानंद नगरकर, दिनकर कैकिणी, सुमती मुटाटकर; व्हायोलिनचे व्ही. जी. जोग. ही यादी कोणत्याही घराण्यास भूषण वाटावी अशी आहे. परंतु ही माणसे कशी शिकली ते पाहा. गिंडे हे बेळगावाकडील बैलहोंगलचे. १९३६ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांस लखनौस आणण्यात आले, आणि ते राहिले कोठे, तर रतनजनकरांच्या घरी. दिवसा वर्गात जे ऐकावयाचे त्याची उजळणी पहाटे व रात्री त्या घरात व्हावयाची. गुरू चीज बांधीत असता शिष्य जवळ असे. गुरू एखाद्या रागावर चिंतन करीत गुणगुणत असता ते त्याच्या कानावर पडे. अभ्यासक्रम पाच वर्षांत विशारद करणारा होता. गिंडे मात्र त्या घरात पंधरा वर्षांच्या आसपास राहिले. पदवी कॉलेजने दिली खरी, पण गाणे कोठे मिळाले याचा निर्णय वाचकांनीच करावा. लाहोरच्या उपदेशक वर्गात जे घडले, तेच लखनौच्या प्राचार्यांच्या बिऱ्हाडात घडत होते.

बा. र. देवधरांच्या मुंबईतील शाळेचीही कथा हीच आहे. १९२५ मध्ये काढलेली ती शाळा, ऑपेरा हाउसजवळची. शेकडो हौशी विद्यार्थी तेथून गेले. परंतु १९३६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील एक बारा वर्षांचा मुलगा तेथे राहावयास आला, व देवधरांनी त्यास घरच्यासारखे ठेवून शिकविले, नाना घराण्यांचे गाणे त्याच्या कानांवर पडू दिले. कुमार गंधर्व या नावाने तो सर्वांस ठाऊक आहे.

स्वातंत्र्यानंतर संगीत खऱ्या अर्थाने विद्यापीठात शिरले. बडोद्याची जुनी शाळा १९४९ मध्ये स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात सामील झाली. १९५० मध्ये काशी हिंदू विश्वविद्यालयात ओंकारनाथ ठाकुरांच्या प्राचार्यत्वाखाली संगीताचा विभाग उघडला. १९५६ मध्ये खैरागडच्या राजेसाहेबांनी व राणीसाहेबांनी आपला राजवाडाच देऊन, दिवंगत राजकन्येच्या नावाने, इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय काढले. पुढे रतनजनकर तेथे कुलगुरू होते. दिल्ली विद्यापीठाने १९६० मध्ये संगीताची स्वतंत्र शाखा केली. मुंबई विद्यापीठात साठाच्या दशकाच्या अखेरीस अशोक दा. रानडे यांच्या संचालकत्वाखाली संगीत केंद्र उभे राहिले, आणि १९८७ मध्ये पुणे विद्यापीठाने ललित कला केंद्र स्थापिले. लखनौचे कॉलेज प्रथम भातखंड्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले, व २००० मध्ये त्यास अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

याच काळातील एक प्रकरण सांगितल्यावाचून राहवत नाही. १९५२ पासून दहा वर्षे नभोवाणी खाते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या मराठी मंत्र्यांकडे होते. आकाशवाणीवर गाणाऱ्या प्रत्येकाची ध्वनिपरीक्षा घेऊन श्रेणी ठरवावयाची, असा त्यांनी निश्चय केला, व परीक्षक मंडळाचे नेतृत्व रतनजनकरांकडे आले. ज्यांनी आयुष्यभर मैफली गाजविल्या, अशा खाँसाहेबांना व बुवांना रागाची माहिती विचारण्यात आली, आणि गायकवर्गात संतापाची मोठी लाट उठली. यात रतनजनकरांच्या सद्धेतूविषयी आम्हांस शंका नाही. स्वतः ते थोर कलावंत होते. परंतु वर्गातील माप मैफलीला लावले की काय होते याचा धडा त्या वेळी मिळाला. ज्या वृद्ध गवयाला आपण गातो त्या रागाचा थाट सांगता येत नाही, तो अडाणी आहे की थाट ही कल्पनाच त्याच्या विद्येच्या बाहेरची आहे, हा प्रश्न त्या वेळी नीटपणे कोणी विचारला नाही. भातखंड्यांनी गवयांकडून घेऊन शास्त्र रचले, व अवघ्या एका पिढीत ते शास्त्र गवयांची परीक्षा घेऊ लागले.

या स्थित्यंतरात ज्यांची जागा गेली त्यांचाही उल्लेख येथे झाला पाहिजे. दरबार बुडाले, कोठे बंद झाले. आणि महाविद्यालयाच्या नोकरीस प्रमाणपत्र लागू लागले. ज्या मुसलमान घराण्यांनी पिढ्यान् पिढ्या खयाल जपला, त्यांच्या मुलांपाशी प्रमाणपत्रे नव्हती. ज्या स्त्रियांनी ठुमरी व खयाल मैफलीत जिवंत ठेविला, त्यांच्याच विद्येचे वर्ग निघाले; पण त्या वर्गांची प्रतिष्ठा त्यांस दूर ठेवण्यावर बव्हंशी अवलंबून होती. कुलीन मुलींना गाणे मोकळे झाले ही गोष्ट निःसंशय चांगली झाली. त्याची किंमत कोणी दिली हेही इतिहासात नोंदले जावे, इतकेच आमचे म्हणणे. गोव्यातील केरीच्या केसरबाईंनी १९२१ च्या सुमारास अल्लादियाखाँसाहेबांची तालीम मोठ्या कष्टाने मिळविली, व १९४६ मध्ये खाँसाहेब वारले तोवर ती चालू ठेविली. पंचवीस वर्षांचा हा अभ्यासक्रम कोणत्या विद्यापीठाच्या नियमांत बसावा? गंगूबाई हनगल हुबळीहून आगगाडीने कुंदगोळास सवाई गंधर्वांकडे शिकावयास जात. त्यांचे शालेय शिक्षण पाचवीपर्यंतचे. त्यांना पुढे विद्यापीठांनी सन्मानाने डॉक्टर केले, आणि म्हैसुरास त्यांच्या नावाचे संगीत विद्यापीठही झाले. तेथील पदवीच्या वर्गात बसावयाचे तर मात्र पाचवीवर भागणार नाही.

आता वर्गात प्रत्यक्ष काय अडते ते थोडक्यात पाहू, कारण काकामामांची शंका येथेच खरी ठरते. पंचेचाळीस मिनिटांचा तास व पंधरा विद्यार्थी असे धरले, तर तंबोरे लावण्याचा वेळ न मोजताही प्रत्येकाच्या वाट्यास तीन मिनिटे येतात. विलंबित एकतालाची काही आवर्तने होतात न होतात तो पाळी संपली. त्याहून कठीण गोष्ट षड्जाची. पुरुषाचा स्वर साधारण काळी एकच्या आसपास, स्त्रीचा काळी चारच्या. दोघे एका वर्गात बसले की मधला कोठला तरी स्वर धरावा लागतो. मग मुलांचा आवाज ताणला जातो व मुलींना खर्ज लागत नाही. तंबोऱ्याची तार प्रत्येकासाठी उतरवावी-चढवावी इतका वेळ नाही, म्हणून पेटी येते. आणि पेटीच्या ठरीव सुरांवर पोसलेल्या कानाला मारव्याचा तो रिषभ ऐकू येत नाही. वेळापत्रकाने तर समयचक्राची थट्टाच मांडली आहे : दुपारी बाराच्या तासास भैरव, सकाळी साडेदहास यमन. शिवाय परीक्षेस राग पुष्कळ लागतात. जुना गुरू दोन-तीन वर्षे एका रागात घोळवी, आणि त्यातून बढत कशी करावी हे कळले की बाकीचे राग शिष्य अर्धेअधिक ऐकून उचली. येथे वर्षाकाठी दहा-पंधरा राग हाताखालून जातात, व एकही गळ्यात मुरत नाही.

यावर कोणी म्हणेल की, युरोपात हे कसे चालते? तेथे त्यांनी दोन घरे वेगळी ठेविली. ऑक्सफर्डात संगीताचे अध्यासन १६२६ इतके जुने आहे. पण तेथील पदवी दीर्घकाळ रचनाशास्त्राची होती, वाजवून दाखविण्याची नव्हे. वाजविणारे व गाणारे तयार करण्यासाठी १७९५ मध्ये पॅरिसला, १८४३ मध्ये लाइप्झिगला मेंडेल्सोनच्या पुढाकाराने, स्वतंत्र संगीतशाळा निघाल्या. आणि तेथे वाद्याची शिकवणी मुख्यतः एका गुरूपुढे एक शिष्य अशीच होत आली आहे. वर्ग असतो तो सिद्धांताचा व इतिहासाचा. आपण विलायतेचे वेळापत्रक उचलले, पण एकास एक बसण्याची ही खर्चाची बाब मात्र तिकडेच राहिली. दोन घरांऐवजी आपण एकच बांधले, आणि त्याच खोलीत शास्त्रही शिकवावयाचे व गळाही घडवावयाचा असा बेत केला.

असे असूनही विद्यापीठाने काही केले नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. संगीताचा इतिहास, ग्रंथांची चिकित्सा, आवाजाच्या साधनेचा शास्त्रीय विचार, हे सर्व विद्यापीठांनीच वाढविले. रानड्यांचे लेखन गुरूच्या घरी बसून झाले नसते. प्रभा अत्रे यांनी सुरेशबाबू माने व हिराबाई बडोदेकर यांची तालीम घेऊन पुढे सरगमवर प्रबंध लिहिला, आणि महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठात संगीत विभागाचे प्रमुखपद भूषविले. गाणारीने गाण्याविषयी विचारपूर्वक लिहावे ही परंपरा अशाच माणसांनी घातली. दुसरे उदाहरण उल्हास कशाळकर यांचे. यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवड्याचे, वकील व गायक अशा वडिलांच्या हाताखाली वाढलेले. नागपूर विद्यापीठाची एम. ए. त्यांनी पहिल्या क्रमांकाने मिळविली. पण तेथे ते थांबले नाहीत. राम मराठे व त्यानंतर गजाननबुवा जोशी यांजकडे त्यांनी पुन्हा विद्यार्थी होऊन तालीम घेतली. पुढे कलकत्त्याच्या संगीत संशोधन अकादमीत ते गुरू झाले. त्या संस्थेत शिष्यवृत्ती देऊन निवडक शिष्यांस गुरूंच्या सहवासात ठेवतात. परीक्षेपेक्षा तालमीस तेथे महत्त्व आहे. उपदेशक वर्ग अनेक दशकांनी नव्या कपड्यांत उभा राहिला असे म्हणावयास हरकत नाही. पुण्याच्या ललित कला केंद्रानेही पदवी विद्यापीठाची व तालीम गुरूची अशी सांगड घालण्याचे धोरण धरले, व आपल्या नावापुढे गुरुकुल हा शब्द हेतुपुरस्सर जोडला.

तेव्हा पदवीसाठी निघालेल्या मुलाच्या पालकांनी चौकशी करावयाची ती कशाची, हे या इतिहासावरून ठरविता येते. अभ्यासक्रमात राग किती, याने फारसे काही कळत नाही. एका गुरूपुढे एका वेळी किती विद्यार्थी बसतात. मुलींचा षड्ज वेगळा धरतात की नाही. वर्गात तंबोरे आहेत की नुसती पेटी. तास संपल्यावर गुरू भेटतो काय, आणि त्याच्या घराचे दार विद्यार्थ्यास उघडे असते काय. तो गुरू स्वतः अद्याप गातो काय. या गोष्टी माहितीपत्रकात छापीत नाहीत. त्या संस्थेतील वरच्या वर्गाचा वार्षिक जलसा एकदा सबंध बसून ऐकला, व तोही शेवटच्या दोन-तीन गाणाऱ्यांपर्यंत, म्हणजे बहुतेक उत्तरे तेथेच मिळतात.